कान्होजी आंग्रे आणि डोलकाठीपेक्षा उंच शीड

मी चिखली तालुक्यातल्या अमडापूरचा. समुद्र पाहिला तो नोकरीला लागल्यावर, अलिबागला. भरतीमुळे कुलाबा किल्ला किनाऱ्यावरूनच बघितला आणि घरी येऊन कान्होजी आंग्रे वाचायला घेतले.

जन्म 1669चा. 1698च्या सुमारास ते मराठी आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख झाले. मी अडकलो ते त्यांच्या गलबतांवर. फार तर 70 टनांची होडी, 40-50 वल्ही, आणि मुख्य डोलकाठीवर एकच भलंमोठं त्रिकोणी शीड. ते तिरक्या काठीला बांधलेलं. वर चढवलं की टोक डोलकाठीच्याही वर जायचं! काठी लांब तर शीड मोठं, म्हणून मंद वाऱ्यातही वेग. पण वारा वाढला की तीच काठी आवरत नाही.

आजच्या यॉटवरही हाच हिशोब आहे. वारा मागून असताना पुढे फुगणाऱ्या शिडाला स्पिनेकर म्हणतात. त्याला बाहेर ताणणारी काठी साधारणपणे डोलकाठीपासून पुढच्या ताणदोराच्या बुडापर्यंतच्या अंतराएवढी घेतात. अंतर 4 मीटर, तर काठीही 4 मीटर. जास्त लांब घेतली तर बाजू बदलताना ताणदोराला अडकते.

कान्होजींकडे वर वल्हीही होती. वारा पडला की मोठं इंग्रजी जहाज जागीच थांबायचं. गलबतं मात्र तोफांच्या गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला न्यायची. 1718 मध्ये इंग्रज खांदेरीहून हात हलवत परतले, 1721 मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊनही कुलाब्याहून तसेच.

4 जुलै 1729 रोजी कान्होजी गेले. समाधी अलिबागेतच आहे. मी त्या दिवशी तिथं गेलोच नाही, राव.