डॉ. आंबेडकर आणि निवडणूक आयोग
श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या भीमराव आंबेडकरांना १९१७ साली आपल्या बडोद्यात राहावयास घर मिळाले नाही. संस्थानची नोकरी सोडून ते मुंबईस परतले. बडोदेकरांना हे अजून सलते.

काही प्रांतांत परभाषिकांची नावे मतदारयादीतून वगळली जात आहेत, हे पाहून १५ जून १९४९ रोजी याच भीमरावांनी घटना समितीत सर्व निवडणुका एका केंद्रीय आयोगाकडे सोपविणारे कलम मांडले. मुख्य आयुक्तांस पदावरून दूर करणे न्यायाधीशाइतकेच कठीण केले. नेमणुकीचा दुवा मात्र कच्चा राहिला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तसे प्रांजळपणे मान्यही केले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने निवड समितीत सरन्यायाधीशांना स्थान दिले. त्याच वर्षीच्या कायद्याने ती जागा केंद्रीय मंत्र्याकडे गेली.