धुरातली शक्ती ओळखणारा अभियंता : आल्फ्रेड ब्यूखी

मलकापूरहून बुलडाण्याला येताना भरलेला ट्रक राजूर घाट चढू लागला, की इंजिनाच्या घरघरीत एक बारीक शीळ मिसळते. ही शीळ टर्बोचार्जरची. त्याचे जनक आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झाला. वडील सुल्झर या यंत्रनिर्मिती कंपनीत अधिकारी असल्याने इंजिनांचा परिचय लहानपणीच झाला. १९०३ मध्ये झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेतून ते अभियंता झाले.

इंधनातील सुमारे एक तृतीयांश ऊर्जा धुरावाटे वाया जाते, हे त्यांना सलत होते. धुराच्या झोताने चक्र फिरवावे आणि त्याच्या बळावर अधिक हवा दाबून इंजिनात भरावी, म्हणजे जास्त इंधन जळून शक्ती वाढेल, असा त्यांचा विचार होता. या मूळ कल्पनेचे पेटंट त्यांनी १९०५ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी घेतले.

कल्पना यशस्वी व्हायला मात्र वीस वर्षे लागली. उंचावरील विरळ हवेत विमानाची शक्ती घटू नये, यासाठी १९१५ मध्ये केलेला नमुना भरवशाचा ठरला नाही. तरीही ब्यूखी प्रयोग करीत राहिले. अखेर १९२५ मध्ये डिझेल इंजिनाची शक्ती ४० टक्क्यांनी वाढविण्यात त्यांना यश आले. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेस्टाट डान्झिग’ या जर्मन जहाजांची इंजिने १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर पोहोचली. १९३८ मध्ये हे तंत्र ट्रकमध्येही आले.

२७ ऑक्टोबर १९५९ रोजी ब्यूखी यांचे निधन झाले. वेगवान मोटारींतील टर्बो त्यांना पाहता आला नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत आलेल्या ओल्ड्समोबाइल जेटफायरमध्ये दाबलेल्या हवेमुळे इंधन अवेळी पेटू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण फवारावे लागे. ते भरण्याचा कंटाळा मालकांना नडला आणि दोन वर्षांतच ही मोटार बंद झाली. पोर्शेने वेगळी वाट धरली. सत्तरच्या दशकात टर्बो नसलेली तीन लिटरची करेरा २०० अश्वशक्ती देत असे, तर तेवढ्याच क्षमतेची टर्बो २६०. त्यासाठी इंजिनातील दाबाचे गुणोत्तर ८.५ वरून ६.५ पर्यंत खाली आणावे लागले.

साध्या इंजिनाला टर्बो जोडून वेग वाढविण्याची हौस आजही अनेकांना असते. मात्र वाढलेला दाब आणि उष्णता सोसण्याची तयारी इंजिनात नसेल, तर पिस्टन वितळायला वेळ लागत नाही. ब्यूखी यांची वीस वर्षे याच तयारीत गेली होती.