विश्लेषण : जो आणि लॉरीचे लग्न का झाले नाही?

शेजारच्या घरातला एकाकी मुलगा आणि इकडच्या घरातली धांदरट, पुस्तकवेडी मुलगी. दोघांची घट्ट मैत्री होते. पुढे काय होणार, हे किशोरवयीन वाचकाला सांगावे लागत नाही. मैत्री आणि प्रेमाच्या कादंबऱ्यांची अर्धी गंमत याच अपेक्षेत असते. मात्र दीडशे वर्षांपूर्वी एका अमेरिकी लेखिकेने ही अपेक्षा जाणूनबुजून मोडली. तेव्हा त्यांचे सगळे घर त्यांच्या लेखणीवर चालत होते. त्या लेखिका म्हणजे ‘लिटल विमेन’च्या लुईसा मे अल्कॉट. शांता शेळके यांनी केलेल्या ‘चौघीजणी’ या अनुवादामुळे मराठी वाचकांनाही ही कादंबरी परिचित आहे.

लेखणीवर घर चालवण्याची वेळ का आली?

लुईसा यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाऊनमध्ये झाला. वडील ब्रॉन्सन अल्कॉट तत्त्वचिंतक आणि शिक्षक. विचार मोठे, मिळकत जवळजवळ शून्य. १८४३ मध्ये त्यांनी ‘फ्रूटलँड्स’ नावाची आदर्श वसाहत काढली. तिथे मांस आणि दूध वर्ज्य होते. कापूस गुलामांच्या श्रमातून येतो म्हणून सुती कपडेही नकोत. हिवाळा आला तशी उपासमारीची वेळ आली आणि सात महिन्यांत प्रयोग गुंडाळावा लागला. तेव्हा लुईसा अवघ्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या.

पुढे कुटुंब मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्ड गावात स्थिरावले. इमर्सन, थोरो, हॉथॉर्न ही शेजारपाजारची माणसे. असा शेजार असला तरी घरातली चूल पेटायला पैसा लागतोच. लुईसा यांनी शिवणकाम केले, शिकवण्या घेतल्या, परक्या घरात कामवाली म्हणूनही राबल्या. १८५८ मध्ये धाकटी बहीण एलिझाबेथ गेली. कादंबरीतली बेथ ती हीच.

युद्धाने काय बदलले?

अमेरिकी यादवी युद्धात, डिसेंबर १८६२ मध्ये, लुईसा वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाऊन येथील लष्करी रुग्णालयात परिचारिका झाल्या. सहा आठवड्यांतच विषमज्वराने गाठले. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पाऱ्याचे औषध दिले गेले. जीव वाचला, पण प्रकृती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही. या अनुभवावरच्या ‘हॉस्पिटल स्केचेस’ने १८६३ मध्ये नाव मिळवून दिले. याच काळात ‘ए. एम. बर्नार्ड’ या टोपणनावाने त्या सूड आणि कपटाच्या सनसनाटी कथाही लिहीत होत्या. हे टोपणनाव कोणाचे, याचा उलगडा थेट १९४० च्या दशकात झाला.

‘लिटल विमेन’ कशी लिहिली गेली?

मनाविरुद्ध. रॉबर्ट्स ब्रदर्स या बोस्टनच्या प्रकाशनसंस्थेतील थॉमस नाइल्स यांना मुलींसाठी पुस्तक हवे होते. लुईसा यांना मुलींच्या विश्वात फारसा रस नव्हता. आपल्या बहिणींखेरीज फार मुली माहीतही नव्हत्या. शेवटी त्यांनी बहिणींवरच लिहायला घेतले. पहिली प्रकरणे नाइल्स यांना आणि खुद्द लुईसा यांनाही कंटाळवाणी वाटली. नाइल्स यांच्या भाचीला मात्र ती फार आवडली. ३० सप्टेंबर १८६८ रोजी पहिला भाग आला आणि २००० प्रतींची पहिली आवृत्ती हातोहात खपली.

त्यात प्रेमप्रकरण म्हणावे असे फार थोडे आहे. आहेत ती बहिणींची भांडणे. रागाच्या भरात ॲमी जोचे हस्तलिखित जाळून टाकते. पैशांसाठी जो आपले लांबसडक केस विकते. दोन घरांमधल्या कुंपणापाशी चिठ्ठ्यांसाठी टपालपेटी बसते आणि मुलींच्या गुप्त मंडळात लॉरीला घुसवण्यासाठी त्याला कपाटात लपवले जाते. अशा खोड्यांतून वाचक या दोघांच्या इतका जवळ जातो की लग्नाची मागणी करण्याचा हक्क आपल्यालाच आहे, असे त्याला वाटू लागते.

मग वाचकांचे का ऐकले नाही?

पहिल्या भागानंतर पत्रांचा पाऊस पडला. मुलींना एकच जाणून घ्यायचे होते, कोणाचे कोणाशी लग्न होणार? लुईसा या प्रश्नानेच वैतागल्या. स्त्रीच्या आयुष्याचे सार्थक लग्नातच असते, हे त्यांना मान्य नव्हते. वाचकांना खूश करण्यासाठी जो आणि लॉरीची जोडी जुळवायची नाही, असे त्यांनी रोजनिशीत नोंदवून ठेवले. जोला त्यांच्यासारखेच अविवाहित लेखिका ठेवायचे होते. पण तेवढे धाडस परवडणारे नव्हते. मग मधला मार्ग निघाला. १ नोव्हेंबर १८६८ रोजी सुरू केलेला दुसरा भाग नववर्षाच्या दिवशी संपला. एप्रिल १८६९ मध्ये वाचकांच्या हाती पडले ते असे : जो लॉरीला नकार देते, लॉरी ॲमीशी लग्न करतो आणि जोचा नवरा होतो वयाने मोठा, गबाळा जर्मन प्राध्यापक भेर. ही जोडी आपण थोड्या खोडसाळपणानेच जुळवली, असे लुईसा यांनी एका मैत्रिणीला कळवलेही. तक्रारी आल्याच, पण खप वाढतच गेला. लॉरी आणि जोची मैत्री लग्नाच्या नकारानंतरही टिकते, हा भाग खरे तर त्या नकारापेक्षा धाडसी आहे. त्याकडे रागावलेल्या वाचकांचे सहसा लक्ष जात नाही.

पुढे काय झाले?

घरची कर्जे फिटली. पुस्तकाचे हक्क लुईसा यांनी एकरकमी विकले नव्हते, त्यामुळे रॉयल्टी आयुष्यभर येत राहिली. त्यांनी लग्न केले नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये स्त्रियांना शाळा समितीच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला, तेव्हा कॉन्कर्डमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १८७९ च्या अखेरीस चित्रकार बहीण मे बाळंतपणानंतर वारली आणि तिची तान्ही मुलगी लुलू हिला लुईसा यांनी वाढवले. ६ मार्च १८८८ रोजी, वडिलांच्या निधनानंतर दोनच दिवसांनी, बोस्टनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा लुलू आठ वर्षांची होती.