सोळा वर्षांची गुरुयात्रा

आषाढी पौर्णिमेस आपण व्यासपूजन करतो. याच दिवशी संन्यासी चातुर्मासाचा संकल्प करून एका स्थानी स्थिर होतात. बौद्ध भिक्षूंचा वर्षावासही याच सुमारास सुरू होतो, आणि भगवान बुद्धांनी सारनाथ येथे पाच शिष्यांना पहिला उपदेश केला तो दिवसही हाच, अशी श्रद्धा आहे. गुरुभक्तीची आख्याने आपल्याकडे थोडी नाहीत. शेताच्या बांधावर देह आडवा घालणारा आरुणी, अंगठा कापून देणारा एकलव्य, हे तर लहान मुलांनाही ठाऊक असतात. आजच्या पर्वावर मात्र एका परदेशी शिष्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. शाळेच्या इतिहासात त्याचे नाव आपण ह्युएनत्संग असे वाचले. अलीकडे ते युआन श्वांग असेही लिहितात. हर्षाच्या दरबारात आलेला चिनी प्रवासी, एवढीच त्याची ओळख बहुतेकांच्या स्मरणात उरलेली असते. तो प्रवासाच्या हौसेने निघाला नव्हता. एका ग्रंथासाठी आणि तो ग्रंथ मुखाने सांगणाऱ्या गुरूसाठी तो निघाला होता.

त्याचा जन्म इ. स. 602 च्या सुमारास चीनमधील लोयांग नगराजवळ एका विद्वान घराण्यात झाला. वडील कन्फ्यूशियसच्या शास्त्रात निपुण होते. थोरला भाऊ आधीच भिक्षू झाला होता. त्याच्या मागोमाग हाही तेराव्या वर्षी विहारात गेला आणि विसाव्या वर्षी त्याने पूर्ण दीक्षा घेतली. तो काळ मोठा धामधुमीचा होता. 618 मध्ये सुई घराणे लयास जाऊन तांग घराणे आले. या धुमाळीतही तरुण भिक्षू गावोगावच्या आचार्यांच्या पायाशी बसून शास्त्रे शिकत राहिला. जसजसे शिकावे तसतसा संशय मात्र वाढू लागला. एक आचार्य एक अर्थ सांगे, दुसरा नेमका त्याच्या उलट. आणि चिनी भाषेत उतरलेले ग्रंथ अपुरे, परस्परविसंगत. त्याने मनाशी निश्चय केला, की आर्यावर्तात जावे, मूळ संस्कृत शिकावे आणि योगाचारभूमिशास्त्र हा महाग्रंथ अधिकारी गुरूकडून समग्र ऐकावा.

सीमेबाहेर जाण्यास त्या वेळी राजाज्ञेने बंदी होती. अर्ज केला, तो नामंजूर झाला. बरोबरचे सोबती गळाले. 629 मध्ये तो एकटाच निघाला. दिवसा लपावे, रात्री चालावे, असा क्रम होता. एका सीमेवरील गावात त्याला पकडण्याचा हुकूम येऊन पोचला. पण तेथील अधिकारी श्रद्धाळू होता. त्याने तो कागद भिक्षूच्या डोळ्यांदेखत फाडून टाकला आणि लवकर निघून जाण्यास सुचविले. एका म्हाताऱ्याने आपला रोडका तांबडा घोडा त्याच्या चांगल्या घोड्याशी बदलून दिला, कारण त्या म्हाताऱ्या जनावराने वाळवंटापलीकडील हामी गावाची वाट पंधरा वेळा तुडविली होती. वाटाड्या म्हणून मिळालेला तरुण तर पहिल्याच रात्री सुरी उपसून जवळ आला, काय मनात आले कोण जाणे, परत फिरला आणि दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन निघून गेला.

पुढे 800 ली लांबीचे वाळवंट. ली हे चिनी अंतराचे माप साधारण अर्ध्या किलोमीटरचे. वाटेवर मृत जनावरांच्या व माणसांच्या हाडांवाचून खूण नाही. अशा ठिकाणी पाणी पिताना जड पखाल त्याच्या हातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. पाणी आणावे म्हणून तो 10 ली मागे फिरला. मग थांबला. भारतभूमीस पोचल्यावाचून पूर्वेकडे एकही पाऊल टाकणार नाही, अशी प्रतिज्ञा त्याने केली होती, आणि त्या क्षणी तो पूर्वेकडेच चालला होता. त्याने घोड्याचे तोंड पुन्हा पश्चिमेस वळविले. चार रात्री व पाच दिवस थेंबभर पाण्यावाचून गेले. शेवटी दोघेही वाळूत कोसळले. मध्यरात्री थंड वारा सुटला, घोडा उठला, आणि लगाम ओढूनही न ऐकता भलतीच दिशा धरून हिरव्या गवताच्या एका पाणवठ्यावर जाऊन उभा राहिला. पंधरा वेळा वाट तुडविल्याचे सार्थक झाले.

यापुढचे संकट सन्मानाचे होते, आणि आमच्या मते ते वाळवंटाहून कठीण होते. तुर्फानच्या खोऱ्यातील काओचांग राज्याचा राजा परम श्रद्धाळू. त्याने भिक्षूला राजवाड्यात आणले, पूजिले, आणि येथेच राजगुरू होऊन राहावे असा हट्ट धरला. ऐकले नाही तर चीनला परत पाठविण्याची धमकीही दिली. ह्युएनत्संगाने अन्नपाणी वर्ज्य केले. तीन दिवस लोटले, श्वास मंद होऊ लागला, तेव्हा राजा लज्जित होऊन पायांवर पडला. दोघांनी बंधुत्वाची शपथ घेतली. परतीच्या वेळी तीन वर्षे काओचांगात राहावयाचे, या वचनावर राजाने जाऊ दिले. महिनाभर प्रवचन झाले. त्या वेळी व्यासपीठावर चढण्यासाठी राजा स्वतः रोज गुडघे टेकून आपल्या देहाची पायरी करी. निघताना 30 घोडे, सेवक, उबदार वस्त्रे, सोने, रेशीम आणि वाटेवरच्या 24 राज्यांसाठी 24 पत्रे त्याने दिली. काल चोरासारखा लपत आलेला यात्रिक आज राजाचा बंधू म्हणून निघाला. हे वचन वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध आहे.

तिएनशान पर्वताचे बर्फ ओलांडण्यास सात दिवस लागले आणि मंडळीतील दहांपैकी तीन-चार माणसे थंडीने व भुकेने तेथेच राहिली. मग इसिक-कुल सरोवर, तुर्कांच्या खाकानाची छावणी, ताश्कंद, समरकंद, बाल्ख. बामियान येथे डोंगरात कोरलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती त्याने पाहिल्या व वर्णिल्या. त्या 2001 च्या मार्चमध्ये सुरुंगांनी उडविण्यात आल्या. कपिशा, गांधार असे करीत तो काश्मीरात आला आणि दोन वर्षे तेथे शास्त्रे शिकत राहिला.

अयोध्येहून गंगेतून नावेने जाताना लुटारूंनी त्याला धरले. दुर्गेला शरद ऋतूत देखणा नरबळी द्यावयाची त्यांची चाल होती. सोबतचे लोक रडू लागले. हा मात्र थोडा अवधी मागून घेऊन मैत्रेयाच्या ध्यानात बसला. इतक्यात वावटळ उठली, झाडे मोडली, नावा उलटल्या, आणि भयभीत लुटारूंनी त्याचे पाय धरले. जगदंबेच्या नावाने अतिथीच्या गळ्याला सुरी लावणाऱ्यास भक्त म्हणू नये. ती वावटळ तिनेच पाठविली असेल, असे आम्हांस वाटते.

श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशीनगर, वाराणसी, वैशाली या तीर्थांचे दर्शन घेत तो बोधगयेस आला, तेव्हा नालंदा महाविहाराचे भिक्षू त्याला न्यावयास सामोरे आले. नालंदेचे कुलगुरू शीलभद्र हे समतटाच्या, म्हणजे पूर्व बंगालच्या, राजवंशातील ब्राह्मणकुलोत्पन्न महापंडित. त्यांचे वय त्या वेळी 106 होते, असे शिष्य हुइली याने रचलेल्या चरित्रात सांगितले आहे. गुडघ्यांवर व कोपरांवर सरकत ह्युएनत्संग पुढे गेला, त्याने गुरुचरणी मस्तक ठेविले आणि योगशास्त्र शिकण्यास चीनहून आलो, एवढेच निवेदन केले. ते ऐकताच वृद्ध आचार्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. त्यांनी आपला पुतण्या बुद्धभद्र यास बोलावले. तोही सत्तरी उलटलेला. त्याने सांगितलेली हकीकत अशी. आचार्यांच्या हातापायांत वीस वर्षे असह्य वेदना होत. तीन वर्षांपूर्वी त्या इतक्या वाढल्या, की त्यांनी अन्नत्यागाने देह सोडण्याचे ठरविले. तेव्हा मंजुश्री, अवलोकितेश्वर आणि मैत्रेय यांनी स्वप्नात येऊन देह टाकू नये अशी आज्ञा केली. चीनमधून एक भिक्षू शिकण्यास येणार आहे, त्याच्यासाठी थांबावे. त्या दिवसापासून वेदना शमल्या. आचार्यांनी विचारले, वाटेत किती वर्षे लागली. उत्तर आले, तीन.

शिष्य गुरूला शोधतो, हे आपण नेहमी सांगतो. गुरूही वाट पाहत असतो, हे सहसा सांगितले जात नाही.

महाविहाराने या अतिथीस रोज विड्याची पाने, सुपारी, जायफळ, कापूर आणि मगधातच पिकणारा, राजांना व थोर पंडितांनाच मिळणारा सुगंधी महाशाली तांदूळ नेमून दिला. शीलभद्रांनी पंधरा महिने योगशास्त्राचे प्रवचन केले. एकूण सुमारे पाच वर्षे तो नालंदेस शिकला; संस्कृत व्याकरण आणि ब्राह्मणांचे ग्रंथही त्याने अभ्यासिले. त्या काळातील एक प्रसंग आम्हांस विशेष प्रिय आहे. एका लोकायतमताच्या ब्राह्मणाने चाळीस सिद्धान्त महाविहाराच्या द्वारावर लावून, हरल्यास शिर देईन, असा पण लावला. ह्युएनत्संगाने त्याला वादात जिंकले, शिर न घेता सेवक म्हणून ठेविले. पुढे महायानमताचे खंडन करणाऱ्या एका ग्रंथाला उत्तर लिहावयाचे होते आणि त्यातील काही स्थळे याला लागेनात. त्या ब्राह्मणाने तो ग्रंथ पाच वेळा ऐकला होता. सेवकाने धन्यास कसे शिकवावे, असा त्याला संकोच. म्हणून रात्री, कोणी पाहत नसताना, विजेता त्या पराजिताकडून पाठ घेत बसला. उत्तर लिहून होताच त्याने त्या ब्राह्मणास दास्यातून मुक्त केले.

मग दक्षिणेची परिक्रमा. कांचीपर्यंत जाऊन, सिंहलद्वीपातील बंडाळी व दुष्काळ ऐकून, तो पश्चिमेस वळला आणि 641 च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रात आला. येथील लोक साधे, मानी, उपकार स्मरणारे व अपमान न विसरणारे, आणि सूड घेण्यापूर्वीही शत्रूला आगाऊ इशारा देणारे, असे त्याने लिहून ठेविले. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा न करता स्त्रीची वस्त्रे देत, हेही त्याने टिपले. पुलकेशी राजापुढे हर्षाचे चालले नाही, ही त्याची साक्ष 634 च्या ऐहोळे शिलालेखाशी जुळते. राजधानीचे नाव त्याने दिलेले नाही. ती नाशिक की अन्य, यावर पंडितांत मतभेद आहेत. पूर्वसीमेवरील पर्वतात कोरलेल्या विहाराचे व त्याच्या दारातील दगडी हत्तींचे वर्णन मात्र अजिंठ्याचे, असे बहुतेक मानतात.

नालंदेस परतल्यावर त्याने मायदेशी जाण्याचा विचार काढला. भिक्षूंनी परोपरीने विनविले, की बुद्धांची भूमी सोडून जाऊ नये. त्याचे उत्तर असे, की ज्यांनी हे ऐकले नाही त्यांच्यापर्यंत ते नेण्यासाठीच मी शिकलो. शीलभद्रांना विचारले गेले. ज्याच्यासाठी देह ठेविला होता, त्या शिष्याला अडवू नका, असे त्यांनी इतरांस सांगितले. शीलभद्रांचे मोठेपण आम्हांस येथे सर्वांत अधिक दिसते.

निघण्यापूर्वी कामरूपाचा राजा भास्करवर्मा व सम्राट हर्ष यांनी त्याचा गौरव केला. 643 मध्ये कनौजच्या सभेत अठरा दिवस त्याच्या सिद्धान्तास कोणी विरोध केला नाही. पण त्याची निंदा करणाऱ्याची जीभ छाटण्याची आज्ञा हर्षाने दिली होती; प्रामाणिक वादास मोकळीक होती खरी, तरी अशा सभेतील विजयाचे फार कौतुक करू नये. प्रयागचे महादान अधिक शोभून दिसते. तेथे पहिल्या दिवशी बुद्धाची, दुसऱ्या दिवशी सूर्याची, तिसऱ्या दिवशी शिवाची पूजा झाली, आणि शेवटी सर्वस्व दिलेल्या सम्राटाने बहीण राज्यश्रीकडून जुने वस्त्र मागून नेसले.

हर्षाने समुद्रमार्गे सुखाने पोचविण्याची सिद्धता दाखविली. ह्युएनत्संगाने ती नाकारली, कारण काओचांगच्या राजाला वचन दिले होते. पुन्हा तीच खडतर खुष्कीची वाट त्याने धरली. सिंधू नदीत वादळाने नाव हेलकावली. 50 पोथ्या व भारतीय फुलांचे बियाणे वाहून गेले. पामीरच्या पहाडात लुटारूंच्या भयाने उधळलेला, हर्षाने दिलेला हत्ती पाण्यात बुडाला. आणि ज्या राजासाठी ही वाट धरली, तो तर 640 मध्येच निवर्तला होता. त्याचे राज्य तांग सैन्याने जिंकून घेतले होते. वचन पाळावयास निघालेल्याला वचन घेणाराच उरला नाही.

खोतानहून त्याने बादशहास पत्र लिहून, आज्ञेवाचून गेल्याचे कबूल केले. बादशहा तैत्सुंगाने आनंदाने बोलाविले. 645 च्या आरंभी तो चांगआन राजधानीत शिरला, तेव्हा वीस घोड्यांवर 657 ग्रंथ लादलेले होते. मंत्रिपद देऊ केले गेले, ते त्याने नाकारले. बादशहाच्या इच्छेवरून 646 मध्ये प्रवासवर्णन तेवढे लिहून दिले. त्याच वृत्तान्ताच्या आधारे 1861 नंतर अलेक्झांडर कनिंगहॅमने मातीखालची आपली तीर्थे शोधली, आणि बडगावजवळचे अवशेष नालंदेचे हे ठरविले.

पुढली एकोणीस वर्षे त्याने एकच काम केले. पहाटे उठावे, त्या दिवशी भाषांतर करावयाच्या भागावर तांबड्या शाईने खूण करावी, आणि दिवसा पुरे न झाले तर रात्री करावे. या काळात त्याने 75 ग्रंथांचे 1335 खंड चिनी भाषेत उतरविले. प्रज्ञा, भगवत्, जंबू असे शब्द भाषांतरित न करता मूळ संस्कृतातच ठेवावेत, हा त्याच्या नावावर सांगितला जाणारा नियम आजच्या भाषांतरकारांनीही पाहण्याजोगा आहे.

652 मध्ये भारतातील जुन्या स्नेह्यांची पत्रे आली. 654 मध्ये त्याने उत्तर धाडले. शीलभद्रांच्या निर्वाणाची वार्ता कळल्याचा शोक त्यात आहे, योगशास्त्राचे भाषांतर पुरे झाल्याचे निवेदन आहे, आणि सोबत एक यादी आहे: सिंधू नदीत बुडालेल्या ग्रंथांची. सवड मिळाल्यास त्यांच्या नकला पाठवाव्यात, अशी विनंती त्याने केली होती.

660 मध्ये महाप्रज्ञापारमितेचे काम हाती घेतले. ग्रंथ प्रचंड, शिष्यांनी संक्षेप सुचविला, तोही क्षणभर राजी झाला. पण त्या रात्री भयंकर स्वप्ने पडली, आणि एकही अक्षर न गाळण्याचा निर्णय झाला. 663 मध्ये 600 खंड पुरे झाले. 664 च्या आरंभी शिष्यांच्या आग्रहास्तव रत्नकूटसूत्राचा प्रारंभ केला, काही ओळी झाल्या, आणि आता शक्ती उरली नाही असे सांगून त्याने पोथी बांधून ठेविली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याने देह ठेविला.