हमीदाला अडवलं कुणी?

जत्रा आली की आपल्याकडे आखाडा ठरलेला. महामार्गावरच्या सारोळ्यापासून आत भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या गावांपर्यंत कुठेही जा. हलगी कडाडते, पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू होतात आणि दिवस मावळता मावळता मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती लागते. आता काही आखाड्यांत मुलींच्याही कुस्त्या लावतात. पण समजा, एखादी पोरगी पंचांसमोर उभी राहिली आणि म्हणाली की माझ्या जोडीची मुलगी इथे कुणी नाही, मला मुलाशी लढू द्या. पुढे काय होईल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

सत्तर वर्षांपूर्वी सारोळ्यापासून तासाभराच्या अंतरावर, खुद्द पुण्यात, एका बाईच्या बाबतीत हेच घडलं होतं. तिचं नाव हमीदा बानू.

हमीदा उत्तर प्रदेशातली, पहिलवानांच्या घरातली. अलीगढला सलाम पहिलवान या वस्तादाच्या हाताखाली ती तयार झाली. उंची पाच फूट तीन इंच, वजन १०८ किलो. रोज सहा तास मेहनत आणि नऊ तास झोप. तिच्या खुराकाच्या याद्या वर्तमानपत्रांत छापून येत. साडेपाच लिटरच्या वर दूध, किलोभर बदाम, अर्धा किलो लोणी, मटण, अंडी, बिर्याणी... डाएट प्लॅनवाल्यांनी पुढचं वाचूच नये! १९४४ मध्ये मुंबईत गुंगा पहिलवानाबरोबर तिची कुस्ती ठरली, तेव्हा वीसेक हजार लोक जमल्याची बातमी आली होती. गुंगाच्या अटी वाढत गेल्या आणि कुस्ती रद्द झाली. खवळलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली.

फेब्रुवारी १९५४ मध्ये तिने जाहीर आव्हान दिलं. जो पुरुष मला हरवेल, त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळा आणि कलकत्त्याच्या मल्लांना तिने हरवलं. मे महिन्यात ती बडोद्याला पोचली. तिथे छोटे गामा पहिलवान लढणार होता, पण बाईशी कुस्ती खेळणार नाही म्हणून त्याने ऐनवेळी अंग काढून घेतलं. मग बाबा पहिलवान समोर आला. एक मिनिट चौतीस सेकंदांत कुस्ती निकाली! त्याच वर्षी मुंबईत तिने रशियाच्या व्हेरा चिस्तिलिनला मिनिटाच्या आत हरवलं. म्हणजे समोर बाई असो की पुरुष, हमीदाची तयारी होती.

तयारी नव्हती ती बाकीच्यांची. कोल्हापुरात तिने एका पुरुष मल्लाला हरवलं, तर लोकांनी हुर्यो उडवली आणि दगड मारले. पोलिसांना बोलवावं लागलं. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती. शहरातल्या कुस्तीचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रीय तालीम संघाने विरोध केला आणि ती कुस्ती झालीच नाही.

हमीदा गप्प बसली नाही. मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तिने बंदीची तक्रार केली. उत्तर असं आलं की बंदी ती बाई आहे म्हणून घातलेली नाही. कुस्त्या भरवणारे तिच्यासमोर डमी पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत, म्हणून घातली आहे.

इथे जरा थांबा. नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती, त्या काळात होतच होती. त्यामुळे संशय अगदीच हवेतला होता असं म्हणता येणार नाही. पण पुरुषांच्या नुरा कुस्त्या होतात म्हणून पुरुषांनी कुस्तीच खेळू नये, असं कुणी म्हटलं का? खोट्या कुस्तीवर खरा इलाज म्हणजे चांगला पंच, तटस्थ जोड आणि लबाडी करणाऱ्या आयोजकाला दंड. तो अवघड होता. बाईला बाहेर ठेवणं सोपं होतं.

आणि तिला दुसरा रस्ताही नव्हता. तेव्हा बायकांच्या कुस्तीला ना संघटना होती, ना वजनगट, ना ठरलेली स्पर्धा. पुरुषांशी लढायचं नाही, आणि बायकांसाठी आखाडाच नाही. मग लढायचं कुठे?

युरोपात जाऊन लढायचा बेत तिने जाहीर केला होता. तो तडीला गेला नाही. तिने जाऊ नये म्हणून सलाम पहिलवानाने तिला मारहाण केली, तिचे हात मोडले, असं तिच्या घरचे सांगतात. पुढे ती आपल्या कल्याणमध्ये राहिली. दूध विकलं, कधी रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थ विकले. १९८६ मध्ये ती गेली. महिला कुस्तीची पहिली जागतिक स्पर्धा नॉर्वेत झाली १९८७ मध्ये. ऑलिंपिकमध्ये महिला कुस्ती यायला २००४ उजाडलं. आणि आपल्याकडे? महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे, महिला महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीत सुरू झाली.

आता तुमच्या शाळा-कॉलेजच्या दिवसांकडे येऊ. शालेय क्रीडा स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात, प्रत्येकात मुलगे वेगळे आणि मुली वेगळ्या. हा नियम चुकीचा आहे का? नाही. वयात आल्यावर उंची, स्नायू आणि वेग यांत सरासरी फरक पडतो. वेगळा गट नसता तर कित्येक मुली फायनलच्या आसपासही पोचल्या नसत्या. हमीदा कुणाशीही लढू शकत होती, म्हणून सगळ्यांनी तसंच लढावं, असा तिच्या गोष्टीचा अर्थ काढू नका.

पण मुलींसाठी वेगळा गट आहे, हे एक वाक्य झालं. मुलींना खेळता येणार नाही, हे दुसरं. दोन्ही वाक्यं नियमाच्या कागदावर शेजारी शेजारी बसतात आणि एकसारखीच दिसतात. पहिल्याने मुलीला जागा मिळते, दुसऱ्याने असलेलीही जाते. ज्या शाळेत मुलींचा संघच काढलेला नाही, तिथे मुलांच्या सरावालाही मुलीला उभं करायचं नाही, या नियमाने कुणाचं संरक्षण होतं? एकाही मुलीचं नाही. कारण दर वेळी चांगलंच दिलं जातं. लागेल, पडेल, लोक काय म्हणतील, सोबत यायला मॅडम नाहीत. हमीदालाही कारण चांगलंच दिलं होतं.

म्हणून उद्या जिमखान्याच्या नोटीस बोर्डापाशी गेलात की संघांची यादी नीट वाचा. कुठल्या खेळापुढे फक्त मुलांचं नाव आहे, ते बघा आणि सरळ आत जाऊन क्रीडाशिक्षकांना विचारा, मुलींचा संघ का नाही? नावं कमी पडतात असं सर म्हणाले, तर किती कमी पडतात ते विचारा आणि तेवढ्या मैत्रिणींना घेऊन दुसऱ्या दिवशी परत जा.