पोलिओ डोसच्या बाटलीवर नाव असलेले हाफकिन कोण होते?

एरवी आपण ॲप आणि मोबाईलबद्दल बोलतो. आजचा विषय लसीचा आहे, पण सुरुवात झाली ती मोबाईलमधूनच.

आमच्या आंजी (मोठी) ला पल्स पोलिओचा रविवार होता. आदल्या रात्री घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला, की पोलिओ डोसऐवजी मुलांना सॅनिटायझर पाजलं. वहिनीने लगेच सांगून टाकलं, उद्या पोरीला बूथवर नेणार नाही.

फेक न्यूज आहे म्हणून मी मोकळा झालो असतो. पण बातमी खोटी नव्हती. 31 जानेवारी 2021 ला शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात, 12 मुलांच्या बाबतीत हे खरंच घडलं होतं. मुलं दवाखान्यात राहिली आणि वाचली. मेसेजमधून तारीख गायब होती आणि मुलं वाचली हेही. अशा वेळी वहिनीला काय सांगायचं? मी तिला हाफकिन यांची गोष्ट सांगितली.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म 1860 चा, ओडेसा शहरातला. ज्यू असल्यामुळे धर्म बदलल्याशिवाय तिथे प्राध्यापकी मिळणार नव्हती आणि त्यांनी तो बदलला नाही. पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले ते ग्रंथालयातल्या नोकरीवर, आणि तिथेच कॉलऱ्याची लस तयार केली. जुलै 1892 मध्ये पहिलं इंजेक्शन त्यांनी स्वतःला टोचून घेतलं. पुढच्या वर्षी ते भारतात आले.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. सरकारने त्यांना बोलावलं आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात तात्पुरती प्रयोगशाळा दिली. तीन महिन्यांत दोन मदतनीस काम सोडून गेले. हाफकिन प्लेगचे जंतू रश्श्यासारख्या द्रवात वाढवायचे, वर चक्क तुपाचे थेंब तरंगत ठेवून. मग उष्णता देऊन ते जंतू मारायचे. 10 जानेवारी 1897 ला ही लसही आधी स्वतःलाच टोचली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळला गेली, आजची हाफकिन संस्था ती हीच.

आणि मग 30 ऑक्टोबर 1902. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात (आता पाकिस्तानात) 107 जणांना प्लेगची लस दिली गेली. त्यातल्या 19 जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. त्या सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती, क्रमांक 53 एन. चौकशीत ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांचं पद गेलं.

खरं तर पुरावा मुल्कोवालमध्येच होता. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. नीट निर्जंतुक न करता तोच वापरला गेला. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावे पुन्हा तपासले, रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ जाहीरपणे बाजूने उभे राहिले, तेव्हा 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली. पुढे कलकत्त्यात काम मिळालं, पण पूर्वीचा मान नाही. 1925 मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं. 1930 मध्ये लोझानला ते वारले.

पोलिओची लस हाफकिन यांची नाही, हे लक्षात ठेवा. तोंडाने द्यायचे थेंब अल्बर्ट सेबिन यांचे. पण परळच्याच हाफकिन बायोफार्मा या सरकारी कंपनीतून ते थेंब देशभर जातात, म्हणून बाटलीवर हे नाव दिसू शकतं.

घाटंजीची चूकही मुल्कोवालसारखीच, शेवटच्या हातातली. लस तिथे वाईट नव्हती, ती दिलीच गेली नाही. म्हणून बाटली बघायला शिका. लेबलवर लसीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत असते. शिवाय एक गोल आणि त्यात चौकोन असतो, त्याला व्हीव्हीएम म्हणतात. थेंबांत जिवंत पण कमजोर केलेले विषाणू असतात, उन्हात ते टिकत नाहीत. बाटलीला जितकी उष्णता लागते तितका चौकोन काळपट होतो आणि पुन्हा फ्रीजमध्ये ठेवला तरी उजळत नाही. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चालते. गोलाइतका किंवा जास्त गडद झाला, की ती बाटली फेकायची. बॅटरी नाही, चार्जिंग नाही!

वहिनीचा दुसरा प्रश्न, भारतात पोलिओ संपला ना? हो, शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्यात सापडला आणि 2014 मध्ये प्रमाणपत्र मिळालं. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात विषाणू अजून फिरतोय आणि पोलिओवर औषध नाही. त्या देशांत जायचं असेल तर मोठ्या माणसांनाही निघायच्या निदान चार आठवडे आधी डोस घ्यावा लागतो.

सकाळी आम्ही तिघं बूथवर गेलो. वहिनीने ताईंना बाटली मागितली. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी स्वतःच चौकोनावर बोट ठेवून दाखवलं. पुतणीने दोन थेंब घेतले, तोंड वाकडं केलं, आणि डाव्या करंगळीला शाई लागली. त्या करंगळीचा फोटो वहिनीनेच ग्रुपवर टाकला, खाली तारीख लिहून.