लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि लोखंडी नांगर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, चित्रं आणि यंत्रं मात्र आवडायची. थोरले बंधू रामुअण्णांच्या आधाराने ते १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले. दोनेक वर्षांत कळलं, की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. पालकांनो, चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळणं म्हणजे काय, विचार करा! त्यांनी रंग सोडले, पण यंत्रांची रेखाचित्रं काढणं सोडलं नाही. त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवायची नोकरी मिळाली. पुढे हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियनला दिली गेली, तेव्हा ती नोकरी सोडून ते बेळगावला गेले.

तिथे भावाबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. आपल्या वांद्र्यातल्या मुलांनी नांगर चित्रातच पाहिलेला असतो, म्हणून थोडं सांगते. लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलटी करतो. कापूस-उसाच्या काळ्या रानात हराळीच्या मुळ्या उपटायला हेच हवं असतं. पण लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज! पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. त्यांना अडाणी म्हणणं मला पटत नाही. ज्याचं सगळं पोट एका शेतावर आहे, तो नव्या वस्तूला घाबरणारच. शेजारच्या रानातलं पीक डोळ्यांनी दिसलं, तेव्हा कुठे गिऱ्हाईक येऊ लागलं.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जमीन आणि दहा हजारांचं बिनव्याजी कर्ज दिलं. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर, उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं तिथून गावोगाव गेली. अस्पृश्यता त्यांनी वसाहतीत चालू दिली नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी ते वारले.

कापूस वेचणीचं यंत्र मात्र अमेरिकेत घडत होतं. तिकडे जॉन रस्टने ओल्या चात्यांना कापूस चिकटतो हे हेरून यंत्र बनवलं आणि १९३६ साली मिसिसिपीत चालवून दाखवलं. आपल्याकडे बोंडं एकदम फुटत नाहीत, दोन-तीन वेचण्या कराव्या लागतात, शेतंही लहान. त्यामुळे विदर्भात आजही ओटीत कापूस गोळा होतो तो बहुतेक बायकांच्याच हातांनी.